डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि एम-३ : तयारी कधी आणि कशी करावी?

चाकणचा_फिटर

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या सेमला आहे. मार्क पहिल्यापासून चांगले आहेत. उन्हाळी परीक्षेचा निकाल लागला की थेट दुसऱ्या वर्षाचा कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फॉर्म भरायचा आणि पुण्यातलं एखादं चांगलं कॉलेज मिळवायचं असं घरात ठरलंय. मी स्वतः आयटीआय फिटर आहे, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला. घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच.

आमच्या लाइनवर जेवढे ट्रेनी इंजिनिअर डिप्लोमा करून डिग्रीला गेलेले आहेत, त्यातल्या जवळपास प्रत्येकानं मला एम-३ बद्दल, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मॅथेमॅटिक्स-३ या पेपरबद्दल, एकच सांगितलं, "बाकी सगळं निघतं, एम-३ सांभाळायला सांग." दोघांचं तर त्यापायी वर्ष गेलं. बहिणीला दहावीला गणितात उत्तम मार्क होते, डिप्लोमाच्या दोन्ही गणितांत ती पहिल्या झटक्यात पास झाली. तरी हे ऐकून ती धास्तावली आहे.

म्हणून विचारतो. हे एम-३ नेमकं एवढं अवघड का जातं? आत्तापासून काही तयारी करता येते का, की कॉलेज सुरू झाल्यावरच पाहायचं? क्लास लावायचा तर कोणत्या टप्प्यावर? ज्यांनी स्वतः हा रस्ता पार केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मी तिला हा धागा वाचून दाखवणार आहे.

मेक_डीएसवाय

दादा, मी याच वाटेनं गेलो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

अवघड का जातं याचं उत्तर अगदी साधं आहे. बारावी करून आलेली मुलं पहिल्या वर्षी एम-१ आणि एम-२ करतात. आपण डीएसवायवाले (डायरेक्ट सेकंड इयर, म्हणजे डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले) ते वर्षच करत नाही, आणि दुसऱ्या वर्षी दोघांना एकाच वर्गात बसवून एकच एम-३ शिकवतात. सर फळ्यावर लिहितात, "हे तुम्ही एम-२ ला पाहिलंय," आणि पुढची पायरी घेतात. मागच्या तीन बाकांवर बसलेल्या आमच्यातल्या कुणीच ते पाहिलेलं नसतं. दोन पायऱ्या गाळलेला जिना चढायला सांगितल्यावर पाय अडखळणारच, त्यात पायाचा दोष काय?

दुसरी गोष्ट नियमाची. पुणे विद्यापीठात शेवटच्या वर्षाला जायचं तर दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. म्हणजे एम-३ राहिला तर तिसऱ्या वर्षाला जाता येईल, पण तिसरं वर्ष संपेपर्यंत तो सुटला नाही तर वायडी (इयर डाउन), म्हणजे वर्ष वाया. तुमच्या लाइनवरच्या दोघांचं बहुधा हेच झालं असेल. तिसऱ्या वर्षाचे विषय, सबमिशन, ओरल आणि त्यात मागचं एम-३ असं सगळं एकाच डिसेंबरात येतं.

बहिणीला सांगा, तयारी आत्ताच सुरू करायची. निकाल ते प्रवेश हा जो मोकळा काळ असतो ना, तोच हातात आहे. नंतर वेळ मिळत नाही.

वाशीकर_केटी

आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात तर एम-३ वर भागायचं नाही, चौथ्या सेमला एम-४ पण असायचं! राहिलेल्या विषयाला आमच्याकडे बॅक नाही म्हणत, केटी म्हणतात. माझी आयडी वाचून अंदाज आला असेलच. :)

पण खरं सांगतो, एम-४ सोपं गेलं. एम-३ करताना पाया भरून निघाला होता.

ऋतुगंधा

माझं मत थोडं वेगळं आहे. मी बारावी करून गेले, संगणक शाखा. आमच्या वर्गात पहिल्या पाचात दोन डिप्लोमावाले होते. एम-३ मध्ये वर्गातले कितीतरी बारावीवालेही लटकले होते. त्यामुळे "डिप्लोमा म्हणून एम-३ जातं" असं सरसकट म्हणू नये. अभ्यास कसा करतो त्यावर आहे. आणि बहिणीला उगाच घाबरवू नका, अर्धं नुकसान भीतीनंच होतं.

मेक_डीएसवाय

@ऋतुगंधा, घाबरवू नये हे पूर्ण मान्य. पण तुमच्या शाखेत एक फरक होता. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नला (त्या वर्षी आलेल्या अभ्यासक्रमात) संगणक शाखेचं एम-३ चौथ्या सेमला होतं, तिसऱ्या सेमला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. डिस्क्रीट सगळ्यांना नवं, सुरुवात एका रेषेवर. शिवाय डीएसवायवाल्यांना स्थिरावायला एक सेम मिळतं. ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला) मात्र एम-३ तिसऱ्याच सेमला. प्रवेश होऊन हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत इनसेमची (सेमच्या मधल्या परीक्षेची) तारीख लागलेली असते.

निशिगंध

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. आमचे कॅप राउंड संपून मी वर्गात पोहोचले तेव्हा पहिलं युनिट शिकवून संपलं होतं. हजेरीच्या यादीत नाव यायला आणखी दिवस गेले. मग डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव! ज्या दिवसांत माझा प्रवेशच झाला नव्हता त्या दिवसांची गैरहजेरी माझ्या नावावर. ते निस्तरायला एचओडींच्या केबिनबाहेर किती वेळ उभी राहिले ते माझं मला माहीत.

चाकणकर दादा, प्रवेशाची पावती आणि रिपोर्टिंगच्या तारखेचा कागद बहिणीला जपून ठेवायला सांगा. हजेरीचा हिशोब त्या तारखेपासून धरावा असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

गणिताच्या_बाई

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बरीच वर्षं एम-१, एम-२, एम-३ तिन्ही शिकवते आहे. "डिप्लोमाची मुलं गणितात कच्ची" हे वाक्य स्टाफरूममध्ये फार ऐकलं आणि दर वेळी त्याला विरोध केला. ती मुलं कच्ची नसतात. त्यांना काही प्रकरणं शिकवलेलीच नसतात, आणि न शिकवलेलं येत नाही म्हणून त्यांना कच्चं ठरवणं अन्यायाचं आहे.

कोणती प्रकरणं ते सांगते, म्हणजे बहिणीला नेमकं कळेल.

डिप्लोमाला तिनं बेसिक मॅथेमॅटिक्स आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स केलं असेल. त्यात लॉगरिदम, मॅट्रिक्स, पार्शल फ्रॅक्शन, त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स, थोड्या न्यूमेरिकल मेथड्स आणि प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन एवढं येतं. हे काही थोडं नाही. पण पार्शल डिफरन्सिएशन नाही, फोरियर सिरीज नाही, बीटा-गॅमा फंक्शन नाही, डबल आणि ट्रिपल इंटिग्रल नाहीत. ही सगळी एम-१ आणि एम-२ मधली.

आता एम-३ उघडा. पहिलंच युनिट लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्सचं. ऑक्झिलरी इक्वेशनची मुळं कॉम्प्लेक्स आली की उत्तरात साइन-कोसाइन कुठून आले हे मुलाला कळत नाही, कारण ऑयलरचं सूत्र त्यानं वापरलेलंच नसतं. तो ते पाठ करतो. लाप्लासमध्ये टी चा घात पूर्णांक नसला की गॅमा फंक्शन लागतं. व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल तिन्ही पार्शल डेरिव्हेटिव्हवर उभे आहेत. ग्रीन, गॉस, स्टोक्स यांच्या प्रमेयांत डबल-ट्रिपल इंटिग्रल. शेवटच्या युनिटला वेव्ह इक्वेशन आणि हीट इक्वेशन सोडवताना शेवटच्या पायरीवर हाफ रेंज साइन सिरीज येते. म्हणजे जवळपास प्रत्येक युनिटला एक पायरी अशी आहे जिथे मूल थांबतं. गणित नव्वद टक्के बरोबर आणि तिथे अडकलेलं, असे पेपर मी दर वर्षी तपासते आणि वाईट वाटतं.

उलट बाजूही सांगते. २०१९ पॅटर्नच्या मेकॅनिकलच्या एम-३ मध्ये एंडसेमच्या (सेमच्या शेवटच्या परीक्षेच्या) चार युनिटपैकी दोन स्टॅटिस्टिक्स आणि प्रोबॅबिलिटीची होती. बायनॉमियल, पॉइसन, नॉर्मल ही तिन्ही डिस्ट्रिब्यूशन्स डिप्लोमाला झालेली असतात! तिथे डीएसवायची मुलं बारावीवाल्यांच्या बरोबरीनं, कधी पुढेच असतात. पण पहिल्या युनिटला जी भीती बसते तिच्यामुळे ती चौथ्या युनिटपर्यंत मनानं पोहोचतच नाहीत.

आता विद्यापीठाचा २०२४ चा नवा पॅटर्न आला आहे. बहिणीच्या शाखेचा ताजा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. युनिट मागेपुढे झाली असली तरी मुळाशी लागणारं गणित तेच राहतं.

सांगलीकर

बाईंनी फार सुंदर लिहिलंय. धागा जपून ठेवला.

मात्र एक मत मांडतो, पटलं नाही तर भांडा. डिप्लोमावाल्याला एक अख्खं वर्ष वाचतं, जेईई-सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर थेट प्रवेश मिळतो. मग राहिलेलं गणित स्वतः भरून काढणं ही त्याचीच जबाबदारी. कॉलेजनं प्रत्येकासाठी वेगळं शिकवायचं म्हटलं तर वर्ग पुढे कसा सरकणार?

निशिगंध

@सांगलीकर, वर्ष वाचत नाही हो. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षं आणि डिग्रीची तीन, एकूण सहा. बारावीवाला दोन अधिक चार, तोही सहाच. वाचलं कुठे? आणि ती तीन वर्षं आम्ही मशीन शॉपमध्ये, ड्रॉइंग हॉलमध्ये आणि कारखान्यातल्या ट्रेनिंगमध्ये काढलेली असतात. लेथवर थ्रेड कापायचं प्रॅक्टिकल होतं तेव्हा वर्गातल्या किती जणांना आम्ही शिकवलं ते विचारा त्यांना. तेव्हा कुणी नाही म्हटलं की "ही तुमची उणीव तुम्हीच भरून काढा".

सांगलीकर

सहा-सहाचा हिशोब बरोबर आहे, मुद्दा मागे घेतो. जबाबदारीबद्दलचं मत मात्र कायम.

गणिताच्या_बाई

जबाबदारी दोघांची. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमावलीतच लिहिलेलं आहे की वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स (राहिलेला भाग भरून काढणारे वर्ग) विद्यापीठांनी द्यावेत. काही स्वायत्त कॉलेजांत तो वेळापत्रकात असतो आणि मनापासून घेतला जातो. काही ठिकाणी फक्त सह्या होतात. म्हणून प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात चार-पाच डीएसवायच्या मुलांनी मिळून गणित विभागात जाऊन लेखी मागणी करावी. एकट्या मुलाला "बघू" म्हणून परत पाठवणं सोपं असतं, गटाला पाठवता येत नाही. आमच्याकडे असाच एक वर्ग सुरू झाला. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी घेते, आणि त्या वर्गात जेवढे प्रश्न विचारले जातात तेवढे नियमित वर्गात कधी येत नाहीत.

देवगड_हापूस

बाई, तुमच्यासारखं कुणी भेटलं असतं तर माझा एम-३ एका फटक्यात निघाला असता!! आमचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. त्यांची पाठ मी अजून गर्दीतही ओळखेन. :)

आई_ईएनटीसीची

मुलगी ईएनटीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डिप्लोमा करूनच गेली. मला गणितातलं काही कळत नाही, पण आई म्हणून पाहिलेलं सांगते. पहिल्या इनसेमनंतर ती फोनवर बोलेनाशी झाली. "मेस चांगली आहे, अभ्यास चालू आहे" एवढंच. दिवाळीला घरी आली तेव्हा वहीत एकही गणित पूर्ण सोडवलेलं नव्हतं, सगळी अर्धी. डिप्लोमाला कायम पहिली येणारी मुलगी. तिला वाटायला लागलं होतं की आपण इथल्या लायक नाही.

तिच्या रूममेटनं, ती बारावी करून आलेली, रोज रात्री जेवणानंतर तासभर तिला एम-२ शिकवलं. बदल्यात माझ्या मुलीनं तिला सर्किट जोडायला आणि सीआरओ (ऑसिलोस्कोप) वापरायला शिकवलं. एंडसेमला दोघी पास झाल्या. त्या दुसऱ्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

चाकणकर, तुम्ही भाऊ म्हणून आत्ताच विचारताय हे फार चांगलं करताय. मार्कांच्या आधी ती कशी आहे ते विचारत राहा.

चाकणचा_फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंची पोस्ट बहिणीला वाचून दाखवली. "न शिकवलेलं येत नाही म्हणून कच्चं ठरवणं अन्यायाचं" या ओळीवर ती म्हणाली, परत वाच.

ताई, तुमचं वाचून गलबललो. नक्की लक्षात ठेवेन.

आता पुढचा प्रश्न. ती विचारते की हे राहिलेलं नेमकं कोणत्या क्रमानं करायचं? एम-१, एम-२ ची पुस्तकं जाडजूड आहेत, सगळी संपवणं शक्य नाही.

मेक_डीएसवाय

सगळी संपवायची गरजच नाही. कर्व्ह ट्रेसिंग, स्फिअर-कोन-सिलिंडरची सॉलिड जॉमेट्री हे आत्ता सोडून दे म्हणावं. माझा क्रम असा होता.

आधी डिप्लोमाचंच इंटिग्रेशन पक्कं करायचं, विशेषतः बाय पार्ट्स, आणि ई चा एएक्स घात गुणिले साइन बीएक्स असलेलं सूत्र. ते लाप्लास, फोरियर दोन्हीत सतत लागतं. पार्शल फ्रॅक्शन हात न थांबता आले पाहिजेत, कारण इन्व्हर्स लाप्लासचं निम्मं काम तेच आहे. त्यानंतर कॉम्प्लेक्स नंबर आणि ऑयलरचं सूत्र. एवढं झालं की लिनियर डिफरन्शियल इक्वेशनचा सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन) काढायला बसावं. तो काढता आला की आत्मविश्वास येतो, कारण ते एम-३ चंच गणित असतं! मग पार्शल डिफरन्सिएशन, गॅमा फंक्शनचे थोडे गुणधर्म, डबल इंटिग्रल, आणि शेवटी हाफ रेंज फोरियर सिरीज. पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल) साठी शॉर्टकट पद्धती आहेत, त्या कॉलेजात शिकवतात, तिथे घाई नको.

आणि रोज थोडं. पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) एकदम करू म्हटलं की पीएल सबमिशनच्या सह्यांमध्येच संपते.

अमरावतीकर

एनपीटीईएल विसरू नका. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, फुकट. इंग्रजी आहेत, पण वेग कमी करून ऐकता येतात. युट्यूबवर पुणे आणि मुंबई विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून दाखवणारे मराठी-हिंदी चॅनलही भरपूर आहेत. मी आधी पद्धत तिथे बघायचो, मग वही मिटून तेच गणित स्वतः करायचो. नुसतं बघून गणित येत नाही, बघताना मात्र सगळं आल्यासारखं वाटतं.

रानजाई

इंग्रजीवरून आठवलं. आमच्या तंत्रनिकेतनात सर मराठीतच समजावायचे, शब्द तेवढे इंग्रजी. डिग्रीला आल्यावर पूर्ण इंग्रजी, तेही वेगात. गणितात भाषा कमी लागते असं म्हणतात, पण प्रोबॅबिलिटीचं गणित म्हणजे चार ओळींचा परिच्छेद असतो! "ॲट लीस्ट टू" आणि "ॲट मोस्ट टू" यात गडबड झाली की पुढचं सगळं चुकतं. जुन्या प्रश्नपत्रिकांमधले फक्त प्रश्न वाचून, त्यात काय दिलंय आणि काय मागितलंय एवढंच मराठीत लिहून काढायचा सराव मी केला. फार उपयोग झाला.

सांगलीकर

@रानजाई, २०२१-२२ पासून एआयसीटीईनं प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आहे ना? पुण्याच्या बाजूला मराठीतून संगणक शाखा सुरूही झाली होती.

रानजाई

हो, आणि तंत्रशिक्षण मंडळानं डिप्लोमालाही मराठी-इंग्रजी मिश्र माध्यमाचा पर्याय दिला. मला तो मिश्र पर्यायच योग्य वाटतो. संज्ञा इंग्रजी, समजावणं मराठी. कॅम्पस इंटरव्ह्यूला शेवटी इंग्रजी लागतंच, पण एखादी गोष्ट पहिल्यांदा समजते ती आपल्याच भाषेत. यावर वेगळा धागा काढू या, नाहीतर इथे गाडी भलतीकडे जाईल.

वाशीकर_केटी

गाडी भलतीकडे नेतोच थोडी. :) फीचं काय केलंय? मुलींसाठी मोठी सवलत आहे.

निशिगंध

बरं आठवलं. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेला चालत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. हॉस्टेल आणि मेसचा खर्च यात धरलेला नाही, तेवढी तरतूद वेगळी करावी लागेल.

चाकणचा_फिटर

उत्पन्नाचा दाखला उद्याच टाकतो. हे मला माहीतच नव्हतं. धन्यवाद निशिगंधताई.

देवगड_हापूस

क्लासबद्दल कुणी बोललं नाही. माझं मत: लगेच लावू नका. आमच्या वेळी २०१५ चा पॅटर्न, ऑनलाइन एमसीक्यू असायचे. क्लासवाले पर्याय बघून उत्तर ओळखायच्या युक्त्या शिकवायचे. पर्याय उलटे घालून बघा, हे काढून टाका, ते काढून टाका. ऑनलाइन निघालं, पण एंडसेमला पूर्ण पायऱ्या लिहायची वेळ आली तेव्हा कागद कोरा. क्लास लावायचाच तर जिथे तुमची वही तपासतात तिथे लावा.

ऋतुगंधा

आधी मी म्हटलं होतं की अभ्यास कसा करतो त्यावर आहे. बाईंची यादी वाचल्यावर त्यात भर घालते: काय आधी झालंय त्यावरही तेवढंच आहे. आमच्या वर्गातले ते दोन डिप्लोमावाले पहिल्या पाचात कसे आले हे आज त्यातल्या एकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला की डिप्लोमाच्या सुट्टीत शेजारच्या दादाची एम-१ आणि एम-२ ची वही आणून अख्खी उतरवून काढली होती. वर्गात आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

मेक_डीएसवाय

वही! हे सगळ्यात उत्तम. पुस्तकापेक्षा एखाद्या नीटनेटक्या सीनियरची वही मिळवा. त्यात विद्यापीठाला हव्या तेवढ्याच पायऱ्या असतात.

अजून एक लिहायचं राहिलं. हे गणित पास होण्यापुरतं नाही, हेही बहिणीला सांगा. तिसऱ्या वर्षाला व्हायब्रेशन शिकताना स्प्रिंग आणि मासचं जे समीकरण येतं ते एम-३ च्या पहिल्या युनिटमधलंच. हीट ट्रान्सफरमध्ये हीट इक्वेशन पुन्हा भेटतं. दादा, तुम्ही मेंटेनन्सला आहात, मोटरचं बेअरिंग गेलं की थरथर कशी वाढते ते तुम्ही हात लावून ओळखता. ती थरथर कागदावर मांडायची रीत म्हणजे ते समीकरण. ज्यानं मशीन पाहिलंय त्याला हे बारावीवाल्यापेक्षा लवकर भिडतं. मला तिसऱ्या वर्षी भिडलं, आणि मग वाटलं की हे दुसऱ्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर एम-३ कडे मी किती वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

गणिताच्या_बाई

अगदी हेच. माझ्या वर्गात मी आता लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्सची सुरुवात व्याख्येनं करत नाही. स्प्रिंगला वजन बांधून लोंबकळत सोडते, आणि डीएसवायच्या मुलांना विचारते की हे तुम्ही वर्कशॉपमध्ये कुठे पाहिलंय. वर्गात पहिल्यांदा उत्तर तेच देतात, आणि त्या दिवसानंतर ते मागच्या बाकावरून पुढे येतात.

चाकणकर, बहिणीचा निकाल लागल्यावर इथे लिहा. पार्शल डिफरन्सिएशनपासूनची माझी टिपणं आहेत, सोप्या मराठीत स्पष्टीकरणासह. ती इथेच टाकते, म्हणजे बाकीच्यांनाही मिळतील.

चाकणचा_फिटर

बाई, काय बोलू! नक्की लिहितो. पार्शल फ्रॅक्शन तिनं कालपासून पुन्हा हातात घेतलेत. माझी शिफ्ट सुटली की रोज रात्री एक गणित ती मला फोनवर समजावून सांगणार असं आमचं ठरलंय. मला समजलं तर तिला आलं असं धरायचं.

तिचा एक शेवटचा प्रश्न आहे. डिप्लोमाचा साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालेल की नवा घ्यावा?

वाशीकर_केटी

कॅसिओच्या नाईन-नाईन-वन मालिकेतला घ्या. नॉन-प्रोग्रामेबल आहे. क्युबिक समीकरणाची मुळं थेट देतो, ऑक्झिलरी इक्वेशनला कामाला येतो. डेफिनिट इंटिग्रलचं उत्तर ताडून बघता येतं.

रानजाई

आणि स्टॅट मोड शिकून घ्या. रिग्रेशनची ए, बी आणि कोरिलेशनचा आर थेट मिळतो. पायऱ्या पेपरात लिहायच्याच, पण उत्तर जुळतंय का ते लगेच कळतं. घेताना बिल घ्या, बाजारात नकली फार आहेत.

नवा_सभासद_सिव्हिल

नमस्कार, मीही यंदा डिप्लोमा सिव्हिलचा निकाल लागल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला जाणार आहे. बाईंची टिपणं सिव्हिललाही चालतील का?

गणिताच्या_बाई

चालतील. शाखेप्रमाणे युनिट थोडी वेगळी असतात, पण पार्शल डिफरन्सिएशन आणि डबल इंटिग्रल सगळ्यांना सारखंच. फ्लुइड मेकॅनिक्समध्येही तुला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतील. तूही आजपासून इंटिग्रेशन बाय पार्ट्सनं सुरुवात कर, अडलं की इथेच विचार.